दुकान आणि चळवळ : सायकलची दोन चाके

सुरत आणि बेळगाव ही शहरे एकेकाळी एकाच मुंबई प्रांतात होती. त्या बेळगावात १८८८ साली दोन मराठी भावांनी सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि रामूअण्णा किर्लोस्कर हे ते भाऊ. पुढे किर्लोस्करवाडी उभी राहिली, नांगर आले, पंप आले, इंजिने आली. पण किर्लोस्कर समूह आपली सुरुवात आजही त्या सायकलच्या दुकानापासूनच मोजतो. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत, तिथून सायकली बेळगावला धाडत आणि रामूअण्णा त्या विकत. किंमत सातशे ते हजार रुपये! त्या काळच्या साध्या कारकुनाला ती स्वप्नातही परवडणारी नव्हती. पण आम्हाला या कथेत महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट : हे दुकान पंधरा रुपये घेऊन लोकांना सायकल चालवायलाही शिकवत असे. ज्या गावाने सायकल पाहिलीच नव्हती, तिथे नुसती विक्री करून भागणार नव्हते. आधी स्वार तयार करावा लागणार होता.

दुकानाचा धंदा आणि सायकलचा प्रसार ही कामे तेव्हा एकाच ओट्यावर चालत. पुढे ती वेगळी झाली. जिथे त्यांनी एकमेकांचा हात धरला तिथे सायकल टिकली, जिथे हात सुटला तिथे ती रस्त्यावरून हटली. गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास चाळताना आम्हाला हेच सूत्र पुन्हा पुन्हा दिसले.

इंग्लंडचे उदाहरण पाहा. तिथल्या सायकलस्वारांनी १८७८ साली आपला एक क्लब स्थापन केला. तोच पुढे सायकलिस्ट्स टुरिंग क्लब म्हणून ओळखला गेला. सभासद परगावी गेला तर त्याला उतरायला खाणावळ आणि मोडकी सायकल दाखवायला कारागीर हवा. म्हणून क्लबने गावोगावची दुकाने निवडून आपल्या पुस्तिकेत त्यांची नावे छापली. क्लबचे चिन्ह होते पंख लावलेले चाक. ते चिन्ह दिसले की इथे आपले काम होणार, असा भरवसा वाटे. दुकानाला गिऱ्हाईक मिळाले, स्वाराला आधार मिळाला. याच क्लबने दुसऱ्या एका सायकल संघटनेच्या जोडीने १८८६ मध्ये रस्ते सुधारणेसाठी स्वतंत्र संस्था काढली. मोटारी येण्यापूर्वी चांगल्या रस्त्यांची मागणी केली ती सायकलवाल्यांनी, हे आज किती जणांना ठाऊक आहे?

आता आपल्या पुण्याकडे वळू. सायकलींचे शहर हे बिरुद पुण्याने अनेक दशके मिरवले. आपल्यापैकी कित्येकांचे आजोळ तिकडचे, त्यामुळे हे चित्र नवे नाही : पेठेच्या प्रत्येक कोपऱ्यावर सायकल मार्ट, तासाच्या भाड्याने मिळणारी सायकल, वहीत लिहिलेले नाव आणि वेळ, पाण्याच्या घमेल्यात बुडवलेली ट्यूब, दिवाळीआधी करून घ्यायचे ओव्हरऑइलिंग. सायकलीला पालिकेचा बिल्ला लागे, दिव्याशिवाय किंवा डबलसीट निघाल्यास पोलीस अडवत. घरची सायकल नसली तरी मूल सायकल शिकत असे, ते या भाड्याच्या दुकानांमुळे. बेळगावच्या दुकानाचे काम ही दुकाने चार-आठ आण्यांत करत होती.

मात्र तेव्हा सायकलस्वारांची बाजू मांडणारी संघटना पुण्याला लागली नाही, कारण सगळे शहरच सायकलस्वार होते. १९७२ मध्ये लुना आली, बजाजच्या स्कूटरी होत्याच. हळूहळू रस्ता दुसऱ्यांचा झाला. भाड्याची दुकाने एकेक करून बंद पडली. त्यांच्यासाठी ना मोर्चा निघाला, ना सभा झाली. १९८० नंतर ‘परिसर’सारख्या संस्थांनी पादचारी, सायकल आणि बस यांची बाजू नेटाने लावून धरली. त्यांच्या आणि इतरांच्या प्रयत्नांना फळ आले ते डिसेंबर २०१७ मध्ये, जेव्हा पुणे महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. आठशे किलोमीटरांहून मोठे मार्गांचे जाळे त्यात आखलेले होते. पण आराखडा आला तोवर कोपऱ्यावरचा कारागीर उठून गेला होता. त्याच सुमारास कंपन्यांच्या रंगीबेरंगी भाड्याच्या सायकली मोबाईलवर मिळू लागल्या. वहीत नाव लिहून घेणारा आणि संध्याकाळी चेन तपासणारा माणूस त्यात नव्हता. ‘ओफो’ ही चिनी कंपनी २०१८ मध्येच भारतातून निघून गेली, बाकीच्यांचेही बस्तान टिकले नाही. दुकान होते तेव्हा चळवळ नव्हती, चळवळ आली तेव्हा दुकान नव्हते!

दोन्ही एकाच वेळी भेटल्याचे उदाहरण आपल्या देशातही आहे, तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात. तिथे १९९१ पासून साक्षरता चळवळीने खेड्यातल्या बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर सविस्तर लिहिले आहे. शेतमजूर, खाणमजूर, अंगणवाडी सेविका अशा लाखाहून जास्त बायका सायकल शिकल्या. सायकल घ्यायला कर्जाची सोय झाली. दुकानांतल्या लेडीज सायकली संपल्या तेव्हा बायकांनी थांबून न राहता जेन्ट्स सायकली घेतल्या. चळवळीने गिऱ्हाईक घडवले आणि दुकानाने चळवळीला चाके पुरवली.

मग आमची सुरत कुठे बसते? १ मे १९६० रोजी ती गुजरातेत राहिली, १९६६ मध्ये इथे महानगरपालिका झाली. तापी खोऱ्याच्या रेल्वेने नंदुरबार, अमळनेर, जळगावची माणसे आली आणि यंत्रमागावर उभी राहिली. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत आपली वस्ती वाढली ती अशी. बारा तासांची पाळी भरणाऱ्या त्या माणसाचे पहिले मोठे वाहन म्हणजे सायकल : हँडलला डबा, कॅरिअरवर पोर किंवा पिठाची पिशवी. कारखान्याच्या फाटकाजवळ पंप, ठिगळे आणि सोल्यूशनची डबी घेऊन बसलेला कारागीर त्याचा खरा सोबती. आज स्कूटर आणि मोटार बाळगणाऱ्या आपल्या अनेक घरांची पहिली पिढी याच सायकलवर उभी राहिली, हे पोरानातवंडांना सांगायला हवे.

२०२० च्या टाळेबंदीत गाड्या थांबल्या, तेव्हा कामगार पायी निघाले, काही सायकलीवर निघाले. त्याच वर्षी केंद्र सरकारने शहरांसाठी सायकल स्पर्धा जाहीर केली आणि २०२१ मध्ये पारितोषिक मिळालेल्या ११ शहरांत सुरत होती. गुजरातेतून वडोदरा व राजकोट, महाराष्ट्रातून नागपूर व पिंपरी-चिंचवडही. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण सुरतेत आज दोन प्रकारचे सायकलस्वार आहेत. एक रविवारी पहाटे हेल्मेट घालून डुमसच्या रस्त्याला लागतो. दुसरा रात्रपाळी संपवून उधन्याच्या गर्दीतून घरी येतो. पहिल्याला सभेचे बोलावणे असते, दुसऱ्याला सभा आहे हेच कळत नाही. दोघांना जोडू शकेल असा एकच माणूस आहे : पंक्चर काढणारा. त्याच्याकडे दोघेही थांबतात. कुठला खड्डा चाकाचा आउट काढायला लावतो आणि कुठल्या चौकात माणसे पडतात, हे त्याच्याइतके कोणाला माहीत असणार?

सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ पासून लोकांना एकत्र आणण्यासाठीच वाढला. आपल्या मांडवांत रक्तदान होते, आरोग्य तपासणी होते. पुढच्या वर्षापासून एक दिवस सायकलींच्या ओव्हरऑइलिंगचा असावा, असे आम्हाला वाटते. परिसरातले कारागीर बोलवावेत आणि त्यांना पूर्ण मजुरी मंडळाने द्यावी. त्यांची कला फुकट मागू नये. शहरातल्या सायकल क्लबांनाही निमंत्रण द्यावे. ज्याची सायकल दुरुस्त होईल त्याला दोनच प्रश्न विचारावेत : रोज कुठून कुठे जाता आणि वाटेत अडचण कुठे येते? ती यादी कारागीर आणि क्लब यांच्या सह्यांनिशी महापालिकेकडे द्यावी. मुलांना सायकल शिकवण्यासाठी मैदानाचा एक कोपरा राखून ठेवावा, तोही मुलींसाठी आधी.

खर्च फार नाही. माणसे इथेच आहेत, फक्त त्यांची ओळख करून द्यायची आहे. उधन्याच्या फाटकाजवळचा कारागीर अजून पंप घेऊन बसतो. तो उठून जाण्याआधी त्याला मांडवात बोलावू या.