'अछूत कन्या'ने का मरावे?

१९३६ हे वर्ष आपल्या चळवळीच्या इतिहासात एका भाषणाचे वर्ष म्हणून ओळखले जाते. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अध्यक्षपदासाठी बोलावले, पण त्यांचे लेखी भाषण मंडळाला पचले नाही. परिषद रद्द झाली आणि ते न झालेले भाषण बाबासाहेबांनी त्याच वर्षी मे महिन्यात स्वतःच छापले. जातिसंस्थेच्या निर्मूलनाचा तो जाहीरनामाच होय. त्याच महिन्याच्या अखेरीस, ३० आणि ३१ तारखेला, मुंबईत महार परिषद भरली आणि येवल्याच्या १९३५ च्या घोषणेला तिने पाठिंबा दिला.

त्याच मुंबईत, त्याच वर्षी, मालाडच्या बॉम्बे टॉकीजने 'अछूत कन्या' हा बोलपट पडद्यावर आणला. ब्राह्मण तरुण प्रताप आणि अस्पृश्य तरुणी कस्तुरी यांची ही प्रेमकथा. अशोककुमार आणि देविकाराणी यांनी त्या भूमिका केल्या. पं. नेहरूंनी आणि सरोजिनी नायडूंनी तो पाहिला. पुढे चित्रपटाच्या प्रत्येक इतिहासात 'अस्पृश्यतेवर प्रहार करणारा धाडसी चित्रपट' म्हणून त्याची नोंद झाली. एका शहरातून, एका वर्षी, एकाच प्रश्नाला दिलेली ही दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर आपण अभ्यासतो. दुसरे मात्र जुना, गोड गाण्यांचा चित्रपट म्हणून सोडून देतो. मला वाटते, तसे सोडून देणे बरोबर नाही. सवर्ण समाजाला आपल्याविषयी कळवळा वाटतो तेव्हा तो कुठपर्यंत येतो आणि कुठे थांबतो, हे ह्या चित्रपटाइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

कथा थोडक्यात अशी. रेल्वेच्या फाटकाशी रात्री एक मोटार थांबते. तिथे एका स्त्रीचे स्मारक आहे, आणि तिची हकिगत आपल्याला सांगितली जाते. फाटकवाला दुखिया अस्पृश्य आहे. मोहन ह्या ब्राह्मण दुकानदाराला साप चावतो. दुखिया तोंडाने विष शोषून त्याचा जीव वाचवतो आणि दोघांची मैत्री होते. मोहनचा प्रताप आणि दुखियाची कस्तुरी एकत्र वाढतात, एकमेकांवर जीव लावतात. परंतु लग्न होत नाही. प्रतापचे लग्न मीराशी होते. दुखिया तापाने फणफणतो तेव्हा मोहन त्याला आपल्या घरी आणतो. ब्राह्मणाच्या घरात अस्पृश्य राहिला म्हणून गाव चवताळते आणि मोहनचे घर जाळते. कस्तुरीचे लग्न तिच्याच जातीतल्या मन्नूशी लावले जाते. मीरा आणि मन्नूची पहिली बायको मिळून जत्रेत डाव रचतात. त्यामुळे कस्तुरी प्रतापबरोबर गेली, असा मन्नूचा समज होतो. फाटकाजवळ, रुळांवर, तो प्रतापवर तुटून पडतो. गाडी येत असते. ती थांबवायला कस्तुरी धावते आणि गाडीखाली मरते.

चित्रपटाच्या पदरात जे माप टाकायला हवे ते आधी टाकतो. १९३६ साली अस्पृश्य मुलीला नायिका करणे, तिच्या प्रेमाला पाप न ठरवणे, ब्राह्मणाचे प्राण अस्पृश्याच्या ओठांनी वाचवणे आणि घर जाळणाऱ्या जमावाला खलनायक ठरवणे ही सामान्य गोष्ट नव्हती. ज्या तोंडाचा स्पर्श पाण्याला चालत नाही ते तोंड जखमेला चालते, ही विसंगती दिग्दर्शकाला दिसली होती. दुखिया आणि मोहन यांची मैत्री खरी वाटते. एवढे श्रेय नाकारणे म्हणजे इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल.

पण हा चित्रपट कोणी बनवला? कथा निरंजन पाल यांची, निर्मिती हिमांशु राय यांची, दिग्दर्शन फ्रांझ ऑस्टेन ह्या जर्मन माणसाचे. हा ऑस्टेन नाझी पक्षाचा सभासद होता. वंशशुद्धीचा डांगोरा पिटणाऱ्या पक्षाच्या सभासदाने भारतात येऊन जातिभेदावर अश्रू ढाळणारा चित्रपट करावा, यातला विरोध त्याला जाणवला असेल काय? कंपनीच्या संचालकांत सर चिमणलाल सेटलवाड होते. हेच गृहस्थ १९२४ साली बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे अध्यक्ष होते. म्हणजे ह्या मंडळींना आपली चळवळ ठाऊक नव्हती असे नव्हे. संगीत सरस्वतीदेवींचे. त्यांचे मूळ नाव खुर्शीद मिनोचर-होमजी. पारशी स्त्रीने सिनेमात काम करणे समाजाला खपेना, म्हणून त्यांनी पडद्यासाठी नाव बदलले. जात आणि जमात आपल्या स्त्रियांवर कसा पहारा ठेवते, त्याचे उदाहरण पडद्यामागेच हजर होते. नव्हते एकच. ह्या निर्मितीच्या ठळक नावांत ज्याची ही कथा त्या समाजाचे नाव नव्हते. म्हणूनच कोरलेल्या भुवयांची, नितळ चेहऱ्याची कस्तुरी ही फाटकवाल्याची लेक वाटत नाही. अस्पृश्य स्त्रीला सहानुभूती मिळवायची तर आधी तिने सवर्ण स्त्रीसारखे दिसले पाहिजे, ही अट तिथेच घातली गेली.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. कस्तुरीला कोण मारते? गाव मारत नाही. गावाने घर जाळले ते चित्रपटाच्या मध्यावरच. शेवटच्या प्रसंगात गाव बाजूला होते आणि तिथे उरतात दोन मत्सरी बायका आणि एक संशयी अस्पृश्य नवरा. रुळांवर हात उगारतो तो मन्नू. जातिव्यवस्थेने सुरू केलेली शोकांतिका अस्पृश्याच्या हातून आणि बायकांच्या कपटातून संपवली जाते. प्रेक्षक थिएटरातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या रागाचा रोख मनुस्मृतीकडे राहत नाही, मन्नूकडे वळतो. प्रताप मात्र जगतो. त्याची जात, त्याचे घर, त्याचे लग्न, काहीच कायमचे मोडत नाही. आणि कस्तुरीचे स्मारक होते. ज्या मुलीला सून म्हणून उंबऱ्याच्या आत घेता आले नाही, तिला गावाबाहेर रुळांच्या कडेला पूज्य करण्यात कोणाचीच अडचण नाही. मेलेल्या अस्पृश्य स्त्रीपुढे हात जोडणे हे जिवंत अस्पृश्य स्त्रीबरोबर संसार मांडण्यापेक्षा फार सोपे असते.

'त्या काळी दुसरे काय दाखवणार? असे लग्न शक्यच नव्हते,' असे कोणी म्हणेल. हे ऐतिहासिकदृष्ट्या खरे नाही. विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ साली आंतरजातीय विवाहाचे विधेयक मांडले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली कोल्हापूर संस्थानात तसा कायदा केला. आणि डॉ. हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने १८७२ च्या विवाह कायद्यात १९२३ साली दुरुस्ती झाली. हे गौर आपल्या मध्य प्रांताचे, नागपुरात वकिली केलेले. त्या दुरुस्तीनंतर हिंदू स्त्री-पुरुषांना जात न पाहता नोंदणी पद्धतीने लग्न करता येऊ लागले. म्हणजे चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वी १३ वर्षे प्रताप आणि कस्तुरीसाठी कायद्याची वाट खुली होती.

मात्र त्या वाटेवर काय दंड होता तेही पाहिले पाहिजे. ह्या कायद्याखाली लग्न करणारा हिंदू आपल्या एकत्र कुटुंबातून तुटला असे कायदाच म्हणे. त्याला दत्तक घेण्याचा हक्क राहत नसे. आणि तो एकुलता एक मुलगा असेल तर त्याच्या बापाला दुसरा मुलगा दत्तक घेण्याची मुभा मिळे. सरळ अर्थ असा की, जातीबाहेर लग्न करणारा मुलगा बापाच्या लेखी मेला. चित्रपटाला खरे धाडस दाखवायचे असते तर ते इथे होते. प्रतापला हे असे 'मरावे' लागले असते. पण कायद्याने प्रतापवर टाकलेले मरण चित्रपटाने कस्तुरीवर ढकलले.

ह्या चित्रपटाच्या एकच वर्ष आधी, १९३५ साली, 'प्रभात'चा 'धर्मात्मा' आला. शांतारामबापूंचे दिग्दर्शन, बालगंधर्वांचे एकनाथ. त्यात एकनाथ महाराच्या घरी जेवतात. 'धर्मात्मा' रोटीपर्यंत गेला. 'अछूत कन्या' बेटीच्या दारापर्यंत गेला आणि दार न उघडता माघारी फिरला. बाबासाहेबांनी तर त्याच वर्षी सांगून टाकले होते की सहभोजनाने जात मोडत नाही. रक्त मिसळले पाहिजे, आणि ते मिसळू न देणारी शास्त्रांची सत्ता आधी मोडली पाहिजे. चित्रपटात अंधश्रद्धा आहे, दुष्ट माणसे आहेत, भडकलेला जमाव आहे. फक्त शास्त्र नाही. रोग दाखवला आणि कारण लपवले.

आणखी एक गोष्ट लपली. दुखिया हा रेल्वेचा कामगार आहे. गाडी अडवल्याबद्दल त्याची नोकरी जाते, एवढे चित्रपट सांगतो. पण रेल्वे ही जातीच्या बाहेरची जागा आहे, असे त्याने गृहीत धरले. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू आहेत, असे बाबासाहेबांनी बजावले ते ह्याच परिषदेत. अस्पृश्याला रेल्वेत गँगमन म्हणूनच खितपत पडावे लागते आणि पोर्टरही होता येत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते, हे त्यांनी तिथे मांडले. आपल्या जिल्ह्यातून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी जी लाइन जाते ती ह्याच जी. आय. पी. ची. चिखली तालुक्यातल्या आमच्या उंद्रीकडे रेल्वे अजून आली नाही, पण रुळांवर राबलेल्या बापजाद्यांच्या गोष्टी सांगणारी घरे ह्या मुलखात आहेत. दुखियाचे खरे आत्मवृत्त त्यांच्याकडे आहे, बॉम्बे टॉकीजकडे नव्हे.

कस्तुरीच्या पोटी पुढे एक परंपराच जन्मली. १९५९ साली बिमल रॉय यांच्या 'सुजाता'मध्ये नायिका मरत नाही, तिचे लग्नही ठरते. पण त्याआधी तिला पालक आईसाठी रक्त द्यावे लागते. दुखियाने विष शोषले, सुजाताने रक्त दिले. माणूसपण सिद्ध करायला अस्पृश्याने प्रत्येक वेळी शरीरातले काहीतरी द्यायचे, हा नियम २३ वर्षांनीही बदलला नाही. बदल झाला तो कथा सांगणारा बदलल्यावर. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'मध्ये (२०१६) मुलगी वरच्या जातीची आहे, मुलगा पारधी आहे. दोघे पळून जातात, लग्न करतात, कष्टाने संसार उभा करतात. शेवटी तेही मरतात, पण त्यांना कोण मारते याविषयी संशय राहत नाही. मारेकरी इभ्रतीच्या घरातून आलेले असतात, हातात भेटवस्तू घेऊन. दोन्ही चित्रपटांत मृत्यू आहे. पहिल्यातला मृत्यू व्यवस्थेला सोडवतो, दुसऱ्यातला तिला उघडी पाडतो. हे पडद्यापुरते नाही. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो म्हणून एका शाळकरी दलित मुलाचा खून झाला. साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले.

हा चित्रपट मी वर्गात दाखवतो. खेड्यांतून एस. टी. ने येणारी मुले-मुली तो पाहतात. गाणी त्यांना आवडतात, देविकाराणी आवडते. एकदा चित्रपट संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, पण तिनंच काहून मरावं?" अनेक समीक्षकांना ८० वर्षांत जे विचारावेसे वाटले नाही ते तिने एका दमात विचारले. दुसऱ्या एका मुलाने मात्र हळू आवाजात सांगितले की, आमच्या घरी तर मातंगाची मुलगीही चालणार नाही. वर्ग गप्प झाला, आणि ती शांतता मला फार बोलकी वाटली.

कारण हा आरसा आपल्यालाही आहे. चिखलीच्या पंढरीनाथ पाटलांनी महात्मा फुल्यांचे चरित्र १९२७ सालीच लिहिले. सत्यशोधकांचा वारसा आपल्या तालुक्यात इतका जुना आहे. हॉटेलातली वेगळी कपबशी गेली, विहीर गेली, घरोघर नळ आले. पण सोयरीक जुळवताना आपण अजून पोटजात विचारतो. बौद्ध आणि मातंग, बौद्ध आणि चर्मकार यांच्यात किती लग्ने होतात? २०११-१२ च्या भारत मानव विकास पाहणीत देशातली आंतरजातीय लग्ने सुमारे ५ टक्के भरली. बाबासाहेबांनी सांगितलेले औषध सवर्णांनी घेतले नाही हे खरे. आपणही ते फारसे घेतले नाही हेही तितकेच खरे.

म्हणून शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे की हा चित्रपट एकटा दाखवू नये. त्याच तासाला १९३६ चे भाषण वाचावे, आणि एकाच प्रश्नाच्या ह्या दोन उत्तरांतले अंतर मुलांना स्वतः मोजू द्यावे. कार्यकर्त्यांनी एक पाऊल आणखी पुढे जावे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्नाआधी ३० दिवसांची जाहीर नोटीस लागते. ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लागते आणि बातमी घरी पोचते. त्या ३० दिवसांत त्या दोघांना आसरा कोण देणार, साक्षीदार म्हणून सही कोण करणार, पोलीस ठाण्यात त्यांच्याबरोबर कोण जाणार? प्रत्येक तालुक्यात अशा पाच-दहा माणसांची नावे मुलामुलींना माहीत असली पाहिजेत. कस्तुरीसाठी १९३६ साली रडणारे पुष्कळ होते. तिच्या लग्नाला साक्षीदार म्हणून उभे राहणारे तेव्हा पडद्यावर कोणी नव्हते. आज ते आपण व्हायचे आहे.