बक्षीस आणि इस्लाह

दिवाळी अंकांचे दिवस जवळ आले कीं कथास्पर्धांच्या जाहिराती दिसूं लागतात. कथा पूर्वीं कोठेंही प्रसिद्ध झालेली नसावी, ठरलेल्या तारखेच्या आंत पोंचावी, आणि परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील, हीं त्यांतील नेहमींचीं कलमें. अलीकडे त्यांच्या जोडीस लहान लहान प्रकाशनसंस्थांनीं भरविलेल्या काव्यकार्यशाळाही आल्या आहेत. एखाद्या रविवारीं पंधरावीस नवोदित कवि जमतात, एखादा जाणता कवि त्यांच्या रचना ऐकून वृत्ताच्या व यमकाच्या चुका दाखवितो, आणि सायंकाळीं प्रमाणपत्रें वांटलीं जातात. या उद्योगाकडे पाहून कित्येक वृद्ध रसिक नाक मुरडतात. कविता का शिकवून येते, असा त्यांचा प्रश्न असतो. आणि हा सारा प्रकार परकीयांचें अनुकरण आहे, अशीही त्यांची समजूत असते. परंतु बक्षीस लावून ग्रंथ लिहविणें आणि मंडळ जमवून कविता सुधारणें, हे दोन्ही उद्योग मराठींत आजचे नाहींत. त्यांचा इतिहास पावणेदोनशें वर्षांच्या घरांत गेला आहे, आणि स्पर्धा भरविणारांनीं व तींत उतरणारांनीं ध्यानांत ठेवावें असें त्यांत बरेंच आहे.

बक्षिसाची कथा पेशवाईंतील दक्षिणेपासून सुरू होते. श्रावणमासांत विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वांटण्याची सेनापति दाभाडे यांच्या घराण्यांतील प्रथा पुढें पेशव्यांनीं आपल्याकडे घेतली, आणि पुण्यास दूरदूरचे शास्त्री जमूं लागले. १८१८ सालीं राज्य गेलें, तरी एल्फिन्स्टननें या कामीं पन्नास हजार रुपयांची रक्कम कायम ठेवली. तिच्याच कांहीं भागांतून १८२१ सालीं पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली. पुढें १८४९ सालीं पुण्यांतील नवशिक्षित तरुणांनीं सरकारास असा अर्ज केला कीं, या निधीचा कांहीं अंश मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस बक्षीस म्हणून मिळावा. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख हे या पक्षाचे एक प्रमुख होते. जुन्या शास्त्रीमंडळींस ही मागणी म्हणजे आपल्या ताटांतील घांस काढून नेण्यासारखी वाटली. त्यांचा रोष इतका झाला कीं, अर्जदारांच्या संरक्षणासाठीं जोतीराव फुले आपल्याबरोबर बरेच लोक घेऊन उभे राहिले, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. अखेर १८५१ सालीं दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली.

या कमिटीचें ऋण नाकारतां येणार नाहीं. त्या काळीं मराठी पुस्तक विकत घेणारा वर्ग फार थोडा होता व छपाई महाग होती. अशा वेळीं शास्त्रीय विषयांवर, इतिहासावर किंवा नीतीवर मराठींत लिहावें, इंग्रजींतील एखादा ग्रंथ मराठींत आणावा, तर श्रमांचा मोबदला मिळण्याचा हा एक भरंवशाचा मार्ग होता. मराठी गद्यास जें बाळसें आलें, त्यांत या बक्षिसांचा वांटा आहे.

परंतु याच कमिटीच्या दप्तरांत मराठी स्पर्धांचा पहिला मोठा अन्यायही नोंदला गेला आहे. १८५५ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘तृतीय रत्न’ नांवाचें नाटक लिहून तें या कमिटीकडे धाडलें. एक जोशी गरोदर कुणबी स्त्रीस व तिच्या नवऱ्यास ग्रहांची भीति घालून कसा लुबाडतो, आणि शेवटीं तें जोडपें शिकण्याच्या निश्चयास कसें येतें, हा त्याचा विषय. कमिटींतील भट सभासदांच्या आग्रहापुढें युरोपियन सभासदांचें कांहीं चाललें नाहीं व नाटक नापसंत ठरलें, असें फुले यांनीं स्वतः ‘गुलामगिरी’ या १८७३ सालच्या ग्रंथांत लिहून ठेवलें आहे. ज्या बक्षिसाच्या मागणीसाठीं ते उभे राहिले होते, त्याच बक्षिसाच्या दारांतून त्यांचें नाटक परत आलें. तें छापून निघालें १९७९ सालीं, म्हणजे सव्वाशें वर्षांनीं. तोंवर वि. ज. कीर्तने यांचें १८६१ सालचें ‘थोरले माधवराव पेशवे’ हें पहिलें स्वतंत्र मराठी नाटक, असें आमच्या पाठ्यपुस्तकांतून शिकविलें गेलें. कीर्तन्यांचें श्रेय यामुळें कमी होत नाहीं. परंतु अर्धा डझन माणसांच्या एका निर्णयानें वाङ्मयाच्या इतिहासाचें एक पान किती काळ कोरें राहूं शकतें, हें यावरून दिसतें. परीक्षक लबाड असावे लागतात असेंही नाहीं. जें आपल्या घरांत कधीं बोललें गेलें नाहीं, तें वाङ्मय म्हणून ओळखण्याची संवय त्यांस नसते, एवढें पुरतें.

दुसरा मार्ग मंडळाचा. १९२३ सालीं पुण्यांत रविकिरण मंडळ स्थापन झालें. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, विठ्ठलराव घाटे, ग. त्र्यं. माडखोलकर ही मंडळी रविवारीं चहाच्या निमित्तानें जमत, एकमेकांस कविता वाचून दाखवीत, त्यांवर वाद घालीत. मंडळानें आपल्या कवितांचीं लहान लहान पुस्तकें स्वतःच प्रसिद्ध केलीं. आज ज्यास छोटी प्रकाशनसंस्था व तिची कार्यशाळा म्हणतात, तिचें हें पूर्वरूपच होय. येथें बक्षीस नव्हतें आणि परीक्षकही नव्हता, प्रत्येकजण एकाच वेळीं कवि व टीकाकार होता. या पद्धतीचा दोषही लौकरच दिसून आला. एकत्र बसून लिहिणारांचे शब्द, वृत्तें व प्रेमाच्या तक्रारी सारख्या होऊं लागतात. अत्र्यांनीं ‘केशवकुमार’ या नांवानें ‘झेंडूचीं फुलें’ लिहून १९२५ सालीं त्या सारखेपणाची जी थट्टा केली, तिनें सारा महाराष्ट्र हंसला. तथापि मंडळाची कमाई थट्टेपलीकडे उरली. तेथील माडखोलकर पुढें नागपुरास आले, १९४४ पासून ‘तरुण भारत’ दैनिकाचे संपादक झाले, आणि येथील लेखकांच्या एका पिढीस त्यांचा आधार झाला.

नागपुरांत बसून हा इतिहास पाहतांना आणखी एक धागा हातीं येतो. रविकिरण मंडळ निघालें त्याच १९२३ सालच्या मकरसंक्रांतीस अमरावतीस विदर्भ साहित्य संघाची स्थापना झाली. पुढें संघाचें ठाणें नागपुरांत आलें. मंडळांतील माधव ज्यूलियन हे फारसीचे प्राध्यापक; गज्जल मराठींत रुजविण्याचा त्यांनीं मनःपूर्वक प्रयत्न केला, व त्यांची ‘गज्जलांजलि’ १९३३ सालीं निघाली. फारसीचीं वृत्तें त्यांनीं आणलीं, परंतु प्रत्येक शेर स्वतःच्या पायांवर उभा राहिला पाहिजे, हा गझलेचा धर्म त्यांच्या रचनेंत पुरता उतरला नाहीं. तें काम अमरावतीस जन्मलेल्या व नागपुरांत राहिलेल्या सुरेश भटांनीं केलें. १९७४ सालचा ‘रंग माझा वेगळा’ आणि १९८३ सालचा ‘एल्गार’ हे त्यांचे संग्रह वाचकांच्या परिचयाचे आहेत. रेशीमबागेंतील भव्य सभागृहास त्यांचेंच नांव दिलें आहे. पण त्यांचें दुसरें कार्यही तितकेंच मोलाचें आहे. उर्दूंत उस्तादानें शिष्याची रचना तपासून दुरुस्त करण्यास इस्लाह म्हणतात; गालिब तर दूरच्या शिष्यांस टपालानेंच इस्लाह देत असे. भटांनीं ही रीत मराठींत आणली. ‘गझलेची बाराखडी’ ही छोटी पुस्तिका त्यांनीं लिहिली. मतला म्हणजे काय, काफिया व रदीफ कसे ठरतात, काफियापूर्वींचा स्वर, ज्यास अलामत म्हणतात, तो का संभाळावा, हें त्यांनीं तींत शाळेंतील मुलास समजेल अशा रीतीनें मांडलें, आणि खेड्यापाड्यांतून येणाऱ्या नवोदितांच्या रचनांवर पत्रें लिहिलीं. आज विदर्भांत व इतरत्र ज्या गझल कार्यशाळा भरतात, त्यांचें मूळ या पत्रांत आहे.

बक्षीस व इस्लाह यांतील भेद येथें स्पष्ट होतो. स्पर्धेंत शंभर कथा आल्या तर तीन लेखकांस होकार मिळतो आणि सत्त्याण्णवांस मौन मिळतें. इस्लाहांत नकार मिळाला तरी त्याच्याबरोबर कारण मिळतें, आणि कारण हातीं आलें कीं लेखक पुन्हां लिहूं शकतो. १९३३ पासून १९८२ पर्यंत चाललेल्या ‘सत्यकथे’चा दबदबा पुष्कळ अंशीं याच गोष्टीवर उभा होता, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक कथा परत करतांना तींत काय उणें आहे तें लिहून कळवीत. वृद्ध रसिकांच्या प्रश्नासही येथेंच उत्तर मिळतें. अनुभव कोणी कोणास शिकवूं शकत नाहीं. परंतु ओळ कोठें सैल पडली, कथा कोणत्या परिच्छेदांत संपायला हवी होती, हें दाखवितां येतें, आणि तें दाखविणारा वेळेवर भेटला नाहीं तर चांगला अनुभवही वायां जातो.

मात्र इस्लाह देणाराही माणूसच असतो, आणि त्याची अभिरुचि हीच एक भिंत होऊं शकते. ‘सत्यकथे’वर पुढें तरुणांनीं तोच आक्षेप घेतला, व १९५५ सालच्या ‘शब्द’पासून लघुअनियतकालिकांची चळवळ सुरू झाली. या भिंतीवरचा खरा उपाय नागपुरांत जन्मलेल्या एका प्राध्यापकानें केला. गंगाधर पानतावणे यांनीं १९६७ सालीं तेव्हांच्या औरंगाबादेस ‘अस्मिता’ हें नियतकालिक काढलें. पुढें तें ‘अस्मितादर्श’ झालें. दलित लेखकांस त्यानें पानें दिलीं, आणि लेखक-वाचक मेळावे भरवून त्यांच्या लेखनाची चर्चा त्यांच्याच लोकांत घडवून आणली. फुल्यांच्या नाटकास जी सभा १८५५ सालीं मिळाली नाहीं, ती निर्माण करण्याचाच हा उद्योग होता. तें नाटक छापून निघालें, तें अशा नियतकालिकांनीं वाचक तयार केल्यानंतरच्या काळांत, हेंही लक्षांत घेण्यासारखें आहे.

आजच्या स्पर्धांकडे व कार्यशाळांकडे या दृष्टीनें पाहावें, अशी वाचकांस विनंति आहे. ज्यांच्या घरांत कोणी मुलगा वा मुलगी लिहूं लागली आहे, त्यांनीं प्रवेशशुल्क भरण्यापूर्वीं दोन गोष्टी विचाराव्या: परीक्षक कोण आहेत, आणि नापसंत कथेवर चार ओळींचा अभिप्राय मिळणार आहे कीं नाहीं. प्रत्येक कवीकडून पैसे घेऊन ‘प्रातिनिधिक काव्यसंग्रह’ काढणारा प्रकाशक कोणासच नकार देत नाहीं, म्हणून त्याच्या होकारासही किंमत उरत नाहीं. उलट एखादी लहानशी संस्था वर्षांतून दहाच हस्तलिखितें नीट वाचून परत करीत असेल, तर तिच्याकडे जाण्यासाठीं आगगाडीचें भाडें खर्च करावें. आणि परीक्षकाच्या आसनावर बसणारांनीं निर्णय अंतिम असल्याचें कलम घालतांना इतकेंच आठवावें कीं, दक्षिणा प्राइझ कमिटीचा निर्णय कोणी बदलला नाहीं, तरीही ‘तृतीय रत्न’ आज वाचलें जातें, आणि त्या निर्णयाची आठवण कमिटीच्या बाजूनें कोणी काढीत नाहीं.