बुजवलेल्या विहिरी



गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी आम्ही सहा-सात जणांनी चर्चच्या आवारातल्या विहिरीवरची गंजलेली जाळी उचलली. आवारात फरशी घालून गाड्यांसाठी जागा करायची आहे आणि त्या आराखड्यात विहिरीच्या जागी सिमेंटचा स्लॅब दाखवला आहे. पॅरिश कौन्सिलने आम्हा स्वयंसेवकांना सांगितले, एकदा आत बघून या, काही उपयोगाची उरली आहे का. आम्ही बॅटरी घेऊन कठड्यावर वाकलो. पाणी दिसायच्या आधी थर्माकोल दिसला.

तो आमचाच थर्माकोल होता, नाताळच्या गोठ्याचा. त्यावर बर्फ म्हणून चिकटवलेला कापूसही अजून तसाच होता. शेजारी फाटक्या ताऱ्यांच्या काठ्या, मेणबत्त्यांची बुडखी, प्लास्टिकच्या फुलांच्या माळा आणि झावळ्यांच्या रविवारच्या सुकून काळ्या पडलेल्या झावळ्या. बाहेरच्या कोणी येऊन टाकलेले त्यात फारच थोडे निघाले असते.

त्या दिवसापासून आम्ही बेळगावच्या विहिरींविषयी मिळेल ते वाचतो आहोत आणि वडीलधाऱ्यांना विचारतो आहोत. त्यातून जे हाती आले ते इथे लिहितो. मात्र सुरुवात पवित्र शास्त्रापासून करू, कारण विहीर बुजवण्याची आणि पुन्हा उकरण्याची गोष्ट तिथे फार जुनी आहे.

उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायात देशात दुष्काळ पडतो आणि इसहाक गरारला येऊन राहतो. तिथे त्याच्या बापाने, अब्राहामाने, खणलेल्या विहिरी आहेत, पण पलिष्ट्यांनी त्या माती टाकून बुजवल्या आहेत. इसहाकाचे पीक आणि गुरेढोरे पाहून त्यांना हेवा वाटतो. पाणी स्वतःला हवे म्हणून भांडणे समजू शकते. इथे मात्र कोणालाच मिळू नये अशी व्यवस्था केलेली आहे. इसहाक काय करतो? तो त्याच विहिरी पुन्हा उकरतो आणि बापाने दिलेली नावेच त्यांना पुन्हा देतो. मग नव्या विहिरींवरून भांडणे होतात, एकीचे नाव एसेक पडते, दुसरीचे सितना. तिसरीवर भांडण होत नाही, ती रहोबोथ. हा अध्याय आम्ही कितीतरी वेळा ऐकला आहे आणि दर वेळी स्वतःला इसहाकाच्या बाजूला उभे केले आहे. थर्माकोल पाहिल्यावर तसे करणे जरा अवघड गेले.

आता बेळगावकडे वळू. आपल्या शहराखाली जांभा आहे आणि त्याच्या खाली दख्खनचा काळा दगड. जांभा सच्छिद्र. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि उन्हाळाभर झिरपवत राहतो. सह्याद्रीच्या कडेचा पाऊस आणि असा दगड, त्यामुळे इथे नळ येण्याआधी वाड्यांच्या परसात आड होते, पेठांत आणि देवळांपाशी मोठ्या विहिरी होत्या.

त्यांतल्या एका विहिरीची जन्मतारीख मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. १९२४ च्या डिसेंबरात, नाताळच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी, म्हणजे २६ आणि २७ तारखेला, टिळकवाडीत राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी अध्यक्ष झाले असे हे एकच अधिवेशन. स्वागताची सगळी धुरा गंगाधरराव देशपांडे यांच्यावर होती. अधिवेशनाच्या जागेला विजयनगर नाव दिले आणि हजारो माणसांना पाणी हवे म्हणून तिथे एक मोठी विहीर खणली, तिला नाव दिले पंपा सरोवर. खर्च आला चार हजारांच्या थोडा वर. आज आपण तिला काँग्रेस विहीर म्हणतो. शेजारी वीर सौध हे स्मारक उभे आहे, आणि शाळेच्या सहलीत ते पाहिले नाही असे मूल आपल्या पॅरिशमध्ये क्वचितच असेल.

या अधिवेशनाची आम्हाला भावलेली बाजू भाषणांपेक्षा वेगळी आहे. स्वच्छतेचे काम काकासाहेब कालेलकरांकडे होते आणि सुशिक्षित, उच्चवर्णीय तरुण स्वयंसेवक झाडू घेऊन उभे राहिले होते. ज्या काळात घाण काढणे हे एकाच जातीच्या माथी मारलेले काम होते, त्या काळची ही गोष्ट. पाणी आणि घाण यांचा विचार त्या आठवड्यात एकाच मांडवात झाला. घराघरांत तसा तो आजही होत नाही. पाण्याची काळजी घरातल्या बायकांना आणि घाणीची काळजी गल्लीत गाडी घेऊन येणाऱ्या सफाई कामगाराला, अशी आपण वाटणी करून टाकली आहे.

पुढे राकसकोपचे धरण झाले, मार्कंडेय नदीचे पाणी नळाने घरात आले. नंतर घटप्रभेवरच्या हिडकलचेही आले. नळ आला ही देवाची कृपाच, त्याविषयी आम्हाला शंका नाही. उन्हाळ्यात दोन-दोन घागरी कमरेवर आणि डोक्यावर घेऊन चालणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना नळ हवाच होता. जुने ते सगळे सोने असे म्हणणाऱ्याने एकदा रहाट ओढून पाहावा, हाताला फोड येतात.

पण नळाबरोबर एक सवय गेली. विहिरीवर जाणारी बाई रोज आत डोकावून बघायची. पाणी किती उतरले, कोणाचे काय पडले, रंग का बदलला, हे तिला न विचारता कळायचे. कठड्यापाशी कपडे धुवायचे नाहीत, खरकटी भांडी आणायची नाहीत, पोहरा जमिनीवर टेकवायचा नाही, असे नियम होते आणि ते मोडणाऱ्याला बोलणी बसायची. (त्याच नियमांच्या आडून काही माणसांना विहिरीवर चढूही दिले जात नसे. आपल्यांतल्या कितीतरी घराण्यांना हे सांगायची गरज नाही.) धुण्याचे पाणी अळूच्या आळ्यात जायचे, भाताचे पाणी गुरांना. पर्यावरण हा शब्द त्या घरांत कोणी उच्चारला नव्हता. पाणी स्वतःच्या दंडाने ओढावे लागत होते, एवढेच. नळ आल्यावर डोकावणे थांबले, आणि जिथे कोणी डोकावत नाही तो खड्डा हळूहळू केराचा होतो. राडारोडा, तुटक्या बाजा, निर्माल्य, सगळे विहिरींत गेले. बेळगावात पलिष्टी आले नाहीत. आपणच पुरेसे होतो.

१९९५ साली पाऊस दगा देऊन गेला, धरणाने तळ गाठला आणि शहर टँकरमागे धावू लागले. तेव्हा महापालिकेला विहिरी आठवल्या. शहरातल्या जुन्या विहिरी शोधल्या, गोवा विद्यापीठातल्या भूशास्त्राच्या प्राध्यापकांची मदत घेतली, गाळ आणि कचरा उपसला, पंप बसवले आणि आसपासच्या वस्त्यांना पाणी दिले. काँग्रेस विहीरही त्यांतलीच. इथे इसहाकाची आठवण न होणे अशक्य. नवे काही खणले नव्हते, बापजाद्यांचेच उकरले होते, नावेसुद्धा तीच राहिली. विहिरी आटल्या नव्हत्या. जांभ्याने आपले काम वर्षानुवर्षे चालूच ठेवले होते, फक्त वर आपला कचरा होता.

त्या टंचाईची आठवण आमच्यातल्या पन्नाशीपुढच्यांना लख्ख आहे. भांडी रांगेत लावून माणसे घरी जायची, रात्री दोनला टँकर आला की गल्ली जागी व्हायची. पाऊस पडला आणि वर्षभरात सगळे विसरलो, हेही खरे.

यानंतर सांगायचे ते थेट स्वयंपाकघरातले आहे. आपल्याकडे पाणी शिळे होते. कधी दोन दिवसांनी, कधी चार दिवसांनी नळ येतो, आणि तो आला की कालपर्यंत जपून ठेवलेले पाणी मोरीत ओतून हंडे, पिंपे, बादल्या ताज्या पाण्याने भरायच्या. झाकून ठेवलेले, स्वच्छ पाणी आपण शिळे म्हणून फेकतो. आम्ही स्वयंसेवकांनी एका रविवारी आपापल्या घरी मोजून पाहिले. आमच्यातल्या एका घरात पाच बादल्या गेल्या, दुसऱ्यात दीड पिंप. विहिरीचे पाणी कधी कोणाला शिळे वाटले नाही, कारण ते लागेल तेव्हा, लागेल तेवढेच वर यायचे. २००८ पासून शहराच्या काही भागांत चोवीस तास पाणी सुरू झाले. त्या भागात राहणाऱ्या आमच्या एका मावशींना आम्ही विचारले तर त्या हसल्या. म्हणाल्या, "अरे, आता पिंपच नाही ठेवत, तर ओतू काय? आणि मीटर फिरतंय ते दिसतंय की!" पुन्हा दिसण्याचीच गोष्ट. पोहरा असो वा मीटर, पाणी किती घेतले ते डोळ्यांना दिसले पाहिजे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या मे महिन्यात 'लौदातो सी' हे परिपत्रक दिले. त्यातला २११ वा परिच्छेद आम्ही परवाच्या सभेत वाचला, तेव्हा काहींना वाटले, एवढ्या मोठ्या माणसाने एवढे बारीकसारीक का लिहावे? प्लास्टिक आणि कागद कमी वापरा, पाणी जपून वापरा, कचरा वेगळा करा, खाल तेवढेच शिजवा, नको ते दिवे बंद करा. हे तर आपली आजी सांगायची. हो, आजीच सांगायची. फरक एवढाच की आजीने ते काटकसर म्हणून सांगितले आणि पोपसाहेबांनी ते सृष्टीवरचे, शेजाऱ्यावरचे प्रेम म्हणून सांगितले.

आता आपल्या विहिरीकडे परत येऊ. झावळ्या आणि माळा तिच्यात का गेल्या, याचा शोध घेताना एका आजींनी आम्हाला गप्प केले. "देवाच्या आशीर्वादाची वस्तू केराच्या डब्यात टाकायची होय रे? म्हणून विहिरीत सोडली." म्हणजे हे बेपर्वाईने झालेले नाही. श्रद्धेने झाले आहे, म्हणूनच ते थांबवणे कठीण. आम्ही फादरना विचारले. त्यांनी सांगितले की चर्चची रीत आशीर्वादित वस्तू जाळण्याची किंवा मातीत पुरण्याची आहे. झावळ्या तर मुद्दाम जाळतात, राखेच्या बुधवारी कपाळाला लागते ती राख त्यांचीच. आपण शेजारपाजारी नदीत निर्माल्य सोडताना पाहिले आणि नकळत तीच वाट धरली. थर्माकोलला तर आशीर्वादही नव्हता. तो गोठ्यात बाळ येशूच्या पाठीमागे डोंगर म्हणून उभा होता, एवढ्यावरच त्याला ही जागा मिळाली.

तीन शनिवार आम्ही खपलो. अकरा पोती कचरा निघाला, त्यातला सात पोती प्लास्टिक आणि थर्माकोल. दोन घागरीही निघाल्या, पितळी, एकीच्या गळ्यात अजून दोराचा तुकडा. कोणाच्या घरच्या ते कळले नाही. आपल्या वहीत बाप्तिस्मे आहेत, लग्ने आहेत, दफने आहेत, विहीर कोणी खणली याची एक ओळ नाही. चौथ्या शनिवारी दोर सोडून पाणी मोजले, दोन पुरुष भरले. पावसाळ्याला तेव्हा अजून अवकाश होता.

ओढ्याकाठच्या भाड्याच्या खोल्यांत आपली बारा कुटुंबे राहतात. मे महिन्यात ती पाणी विकत घेतात. विहीर ते खोल्या हे अंतर चालत पाच मिनिटांचे आहे. दुसरीकडे, रविवारी रस्त्यात गाड्या लावल्यावरून शेजाऱ्यांशी आपली खरोखरच भांडणे होतात, आणि वयस्कर माणसांना दुरून चालत यावे लागते, तेही आम्हाला नाकारता येत नाही. गेल्या सभेत आवाज चढले. एकाने म्हटले, विहिरीत पडून कोणाचे मूल गेले तर? दुसऱ्याने म्हटले, स्लॅब एकदा पडला की तो फोडायला कोण येणार आहे? एसेक आणि सितना दोन्ही एकाच दुपारी झाल्या.

आमचे म्हणणे आम्ही लेखी दिले आहे. स्लॅब नको, कठडा उंच करून पक्की जाळी बसवावी, चर्चच्या छपराचे पावसाचे पाणी गाळून विहिरीत सोडावे, पाण्याची तपासणी करून एक नळ आवाराबाहेरच्या भिंतीवर काढावा. त्यात चार गाड्यांची जागा जाते, ती आम्ही मोजली आहे. बैठक येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आहे. जाळीला सध्या नवी कडी आणि कुलूप लावले आहे, किल्ली साक्रिस्टीत ठेवली आहे. मत देण्याआधी ज्यांना आत डोकावून पाहायचे असेल त्यांनी ती मागून घ्यावी.