पुसायचं कुठं राहिलं?

कोविडच्या पहिल्या लाटेत माझ्या एका रुग्ण आजींनी फोनवर विचारलेला प्रश्न मी अजून विसरलेलो नाही. घरातल्या पाचही जणांची तपासणी पॉझिटिव्ह आली होती. आजोबांना ऑक्सिजन लागला होता. आजी रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, सगळं पुसत होते हो मी. पुसायचं कुठं राहिलं असेल?"

आणि खरंच, त्या सगळं पुसत होत्या. दुधाची पिशवी साबणाच्या पाण्यात आंघोळ करूनच घरात येई. भाजी सोड्याच्या पाण्यात डुंबे. कुरिअरचं खोकं दोन दिवस गॅलरीत पडून राही. दाराची कडी, टीव्हीचा रिमोट, चपलांचे तळवे, काही सुटलं नव्हतं. फक्त एक झालं होतं. 'बाहेरची हवा नको' म्हणून खिडक्या बंद होत्या, आणि संध्याकाळी सगळे एकाच खोलीत बसून टीव्ही बघत होते.

आजींच्या प्रश्नात माहितीपेक्षा अपराधीपणा जास्त होता. आपल्या हातून काहीतरी राहिलं, म्हणून नवरा आजारी पडला, असं त्यांना वाटत होतं. त्यांना नीट उत्तर द्यायचं तर सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं. फार लांब नाही, मुंबईतच.

मांडवीतला ताप

सप्टेंबर १८९६. मांडवी म्हणजे मुंबई बंदराला लागून असलेली, धान्याच्या गोदामांची आणि दाटीवाटीच्या चाळींची वस्ती. तिथे मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांना तापाचे असे रुग्ण दिसले, की ज्यांच्या जांघेत गाठी होत्या आणि जे दोनचार दिवसांत दगावत होते. त्यांनी निदान केलं, गाठीचा प्लेग.

प्लेगचा जंतू तेव्हा माहीत नव्हता असं नाही. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर यर्सिननं तो शोधून काढला होता. शत्रूचं नाव कळलं होतं. तो घरात शिरतो कोणत्या वाटेनं, हे मात्र कळलं नव्हतं. मग अधिकाऱ्यांनी जुन्याच समजुतीचा आधार घेतला. रोग घाणीत असतो, ओलसर जमिनीत असतो, अंधाऱ्या कोपऱ्यात असतो. म्हणून घर धुवा!

आणि मुंबई धुतली गेली. रोज लाखो गॅलन खारं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड गटारांतून सोडलं गेलं. भिंतींना चुना लागला. खोल्यांत कार्बोलिकचे आणि पाऱ्याच्या क्षाराचे फवारे मारले गेले. उजेड यावा म्हणून छपराची कौलं काढली, जमिनी उकरल्या, कपडे आणि अंथरुणं जाळली. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर इंग्रजीत 'यू. एच. एच.' ही तीन अक्षरं रंगवली जात. अर्थ, मनुष्यवस्तीस अयोग्य.

कार्बोलिक ॲसिड म्हणजे डांबरापासून मिळणारं फिनॉल. लाल साबणाचा तो उग्र वास ज्यांना आठवतो, त्यांना हे लगेच कळेल. जोसेफ लिस्टरनं १८६५ पासून ते जखमांवर वापरलं आणि शस्त्रक्रियेचं रूपच पालटलं. पुढे त्यानं शस्त्रक्रियेच्या खोलीत हवेतही कार्बोलिकचा फवारा सुरू केला. हा फवारा निरुपयोगी आहे, हे लक्षात आल्यावर १८९० मध्ये बर्लिनच्या वैद्यकीय परिषदेत त्यानं ते मोकळेपणानं सांगितलं. जखमेवर कार्बोलिक ठीक, हवेत उडवून उपयोग नाही. लिस्टरनं फवारा खाली ठेवला आणि सहा वर्षांनी मुंबईत आपण तो उचलला.

फवाऱ्यामागून बंदूक

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. त्या जोरावर पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्या हाताखालची गोऱ्या सोजिरांची पथकं घराघरांत शिरली. रुग्ण शोधायचे, त्यांना इस्पितळात हलवायचं, घरच्यांना छावणीत न्यायचं आणि घर निर्जंतुक करायचं, हा त्यांचा क्रम. स्वयंपाकघर आणि देवघरही त्यातून सुटलं नाही. लोक प्लेगइतकेच या पथकांना घाबरू लागले. आजारी माणूस लपवू लागले. 'केसरी'नं या जुलुमावर टीकेची झोड उठवली. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हा इतिहास आपण शाळेत शिकलो आहोत. त्यामागे कार्बोलिकची बादली होती, हे सहसा शिकवत नाहीत.

एवढं करून प्लेग थांबला का? नाही. तो दर हिवाळ्यात परत येत राहिला. धुतलेल्या घरांतही आला.

गिनीपिगची साक्ष

१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं प्रयोगानं दाखवलं, की उंदराच्या अंगावरची पिसू प्लेग एका उंदराकडून दुसऱ्याकडे नेते. त्याचं म्हणणं फारसं कोणी मनावर घेतलं नाही. काही वर्षांनी मुंबईत डॉ. ग्लेन लिस्टन यांनी हा धागा उचलला. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगानं परळच्या प्रयोगशाळेत त्याचा छडा लावला.

प्रयोग साधाच होता. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग सोडायचे. मोकळ्या फिरणाऱ्या गिनीपिगच्या अंगावर उंदरांच्या पिसवा चढल्या आणि त्यांतल्या काहींना प्लेग झाला. त्याच घरात, पिसू शिरणार नाही अशा बारीक जाळीच्या आड ठेवलेले गिनीपिग मात्र ठणठणीत राहिले. दोघांची हवा एक, घर एक. फरक फक्त पिसवेचा.

आता सगळा उलगडा होतो. उंदीर मेला आणि गार पडला की पिसवा त्याला सोडून नवं ऊबदार अंग शोधतात. भिंतीला चुना लावा, फरशीवर कार्बोलिक ओता, छपरातल्या आणि बिळातल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवेला त्याचं काय? उलट गटारं धुऊन आणि जमिनी उकरून उंदीर शेजारच्या आळीत पळवले गेले, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. लोक घर सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहायला गेले, की साथ ओसरे. कारण ते उंदरांपासून लांब जात.

औषध तेच, जागा वेगळी

मग जंतुनाशकं फोलच का? मुळीच नाही! व्हिएन्नाचा इग्नाझ सेमेलवाइस बघा. १८४७ मध्ये त्यानं प्रसूतिगृहातल्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावलं आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं घटले. जंतू म्हणजे काय हे त्याला ठाऊकही नव्हतं. पण रोगाची वाट त्यानं अचूक ओळखली होती. शवविच्छेदन करून आलेले हात.

जंतुनाशकाची ताकद वासात नसते, ते योग्य वाटेवर वापरण्यात असते.

अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहराचे आरोग्य अधिकारी चार्ल्स चॅपिन यांनी हे धाडसानं सांगितलं. रुग्ण बरा झाला की त्याचं घर धुरी देऊन निर्जंतुक करण्याची तेव्हा सक्तीची पद्धत होती. चॅपिननी घटसर्पाच्या बाबतीत ती १९०५ मध्ये बंद केली, लाल तापाच्या बाबतीत १९०८ मध्ये. काहीही बिघडलं नाही. रोग वस्तूंतून कमी आणि माणसाकडून माणसाला जास्त जातो, हा त्यांचा सिद्धांत. पण त्याच भरात, हवेतून रोग पसरण्याची शक्यताही त्यांनी जवळपास मोडीत काढली. एक गैरसमज पुसताना दुसरा उमटला आणि तो शंभर वर्षं टिकला.

पुन्हा बादली, पुन्हा फवारा

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रानं लागू केला तो हाच १८९७ चा कायदा. त्याच महिन्यात एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. कोरोना विषाणू प्लॅस्टिक आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत सापडतो, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत. सगळ्या जगानं हे आकडे पाठ केले. त्याच प्रयोगात हवेतल्या सूक्ष्म तुषारांतही विषाणू ३ तास, म्हणजे प्रयोग संपेपर्यंत, जिवंत होता. ही ओळ फार थोड्यांच्या लक्षात राहिली. का? कारण खोकं पुसता येतं. हवा पुसता येत नाही.

बरेलीत घरी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर जंतुनाशक फवारलं गेलं. ठिकठिकाणी फवाऱ्याचे बोगदे उभे राहिले. एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला सांगावं लागलं, की माणसांवर फवारणी करू नका. त्यानं डोळ्यांना आणि श्वासनलिकेला इजा होते, आणि शरीरात शिरलेला विषाणू काही मरत नाही. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनंही रस्ते फवारण्यात अर्थ नाही असं सांगितलं. जुलैत एमॅन्युएल गोल्डमन या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की वस्तूंवरच्या प्रयोगांत विषाणू प्रत्यक्षापेक्षा फार मोठ्या मात्रेत वापरला गेला होता. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं अंदाज दिला. दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून कोविड होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारात एकाहूनही कमी.

मग पुसायचं कधी?

काही गोष्टी लक्षात ठेवा.

जुलाब-उलट्या, कॉलरा, कावीळ या रोगांत हात, पाणी, संडास आणि स्वयंपाकाचा ओटा याच वाटा आहेत. तिथे धुणं-पुसणं जीव वाचवतं. घरात आजारी माणूस असेल, तर वारंवार हात लागणाऱ्या जागा रोज पुसणं योग्यच.

आधी साबणाच्या पाण्यानं मळ काढा, मग जंतुनाशक. मळावर ओतलेलं ब्लीच मळातच संपतं. पाच टक्क्यांचं ब्लीच असेल तर एक भाग ब्लीच आणि ४९ भाग पाणी घरात पुरतं. ते रोज ताजं करा, हातमोजे घाला. भाजीवर आणि अंगावर कधीही नाही.

ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

आणि श्वासावाटे पसरणारी साथ असेल, तर पहिलं काम फडकं घेण्याचं नाही. खिडकी उघडण्याचं. मग मास्क, लस आणि आजारी असताना वेगळ्या खोलीत राहणं.

आजोबा पुढे बरे झाले. नंतर आजी दवाखान्यात आल्या, तेव्हा मी त्यांना मांडवीची आणि गिनीपिगची गोष्ट सांगितली. म्हटलं, "आजी, पुसायचं कुठंच राहिलं नव्हतं. मोठमोठ्या सरकारांनी केली तीच चूक तुमच्याकडून झाली, आणि आम्ही डॉक्टरांनीही तुम्हाला वेळेवर सांगितलं नाही."

आजी जरा वेळ गप्प बसल्या. मग माझ्या बंद खिडकीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मग ती का लावून घेतलीये?"

मी उठून उघडली.