चांदीवरची खूण आणि चांदीमागचा हात



कामगार संघटनेत तीस वर्षे घालविलेल्या माणसाने शेलूच्या वसंत व्याख्यानमालेत जुन्या चांदीवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझ्या घरी चांदी किती म्हणाल, तर साधी अत्तरदाणीदेखील नाही. शाळेतले शिक्षणही बेताचेच. जे वाचले ते कर्जत लोकलच्या डब्यात आणि वाचनालयाच्या बाकावर. या विषयाकडे मी हौसेने वळलो नाही. एका पावतीने मला वळविले.

मी पंचविशीत असताना आमच्या कारखान्याला टाळे लागले. चौथ्या महिन्यात आईने पायांतले तोडे काढून माझ्या हातात ठेविले. तिला ते तिच्या आजीकडून आलेले. सराफाने ते उलटेपालटे करून पाहिले आणि विचारले, "यावर काही छाप आहे का?" छाप नव्हती. मग त्याने वजन केले, झाळणाची घट धरली, हिणाची घट धरली, मळाचीही घट धरली, आणि उरले त्याचे पैसे मोजून दिले. तो लबाड होता असे मी आजही म्हणणार नाही. त्याचा हिशेब कदाचित बरोबरही असेल. पण तो बरोबर की चूक हे ठरविण्याचे कोणतेच साधन माझ्यापाशी नव्हते. त्याला चांदी वाचता येत होती, मला येत नव्हती. न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा उठविणाऱ्या मजुराची जी स्थिती, तीच माझी. तेव्हापासून मी चांदी वाचावयास शिकू लागलो. जे शिकलो त्यातले थोडे आज आपल्यापुढे ठेवितो.

खूण म्हणजे काय, हे समजण्यास लांब जाण्याचे कारण नाही. आपल्या खिशातले एखादे नाणे काढा आणि त्यावरील सालाच्या खाली पाहा. पत्त्यांतल्या चौकटसारखा बारीक आकार असेल तर ते नाणे मुंबईच्या टांकसाळीत पाडले. तारा असेल तर हैदराबादला, वाटोळा ठिपका असेल तर नोएडाला, आणि काहीच नसेल तर कलकत्त्याला. नाण्यात काही खोट निघाली तर जाब कोणाला विचारावयाचा, हे तो तिळाएवढा आकार सांगतो. खुणेचे मूळ काम हेच. ती शोभेसाठी जन्मली नाही, कारागिराच्या कौतुकासाठी तर नाहीच नाही. ती जन्मली जाब विचारण्यासाठी.

इंग्लंडचा इतिहास याची साक्ष देतो. चांदीत तांबे मिसळून गिऱ्हाइकाला फसविण्याचा धंदा तेथे इतका बोकाळला, की १३०० साली कायदा झाला आणि तपासलेल्या चांदीवर बिबट्याच्या मुखाची छाप उठू लागली. १३६३ साली प्रत्येक उस्तादाने आपली स्वतंत्र खूण ठेवावी असे ठरले. त्या काळी वाचता येणारे थोडे, म्हणून या खुणा चित्रांच्या असत. नावांची आद्याक्षरे पुढे आली. १४७८ पासून दरवर्षी बदलणारे एक अक्षर उमटू लागले. आजचे संग्राहक त्या अक्षरावरून साल काढतात. पण साल कळावे म्हणून ते अक्षर आलेच नव्हते. त्या वर्षी चांदी तपासणारा अधिकारी कोण, हे कळावे म्हणून ते आले. तपासणारालाही जबाबदार धरण्याची ही युक्ती! १५४४ पासून चालत्या सिंहाची छाप आली; हजार भागांत ९२५ भाग चांदी, असा तिचा अर्थ पुढे रूढ झाला. १७७३ साली बर्मिंगहॅम आणि शेफील्ड येथे तपासणी कचेऱ्या निघाल्या. बर्मिंगहॅमची खूण नांगर, आणि शेफील्डची १९७४ अखेरपर्यंत मुकुट. म्हणजे एखाद्या जुन्या इंग्रजी चमच्याच्या दांड्यामागे सिंह, नांगर, एक अक्षर आणि कारखानदाराची आद्याक्षरे दिसली, तर शुद्धता, गाव, साल आणि दुकान या चारही गोष्टी आपणास मिळाल्या.

मात्र येथेच पुष्कळ लोक फसतात. १८४० साली एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा चढविण्याचे पेटंट घेतले, आणि मग मुलाम्याच्या भांड्यांवरही लहान लहान चौकटींत अक्षरे उमटू लागली. माथेरानच्या एका जुन्या बंगल्यातून आलेला काट्याचमच्यांचा संच एका मित्राने मला मोठ्या आशेने दाखविला होता. चार चौकटी, चार अक्षरे: ई, पी, एन, एस. त्याला त्या राजमुद्रा वाटल्या. त्यांचा अर्थ इतकाच, की तांबे, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रणावर विजेने चढविलेला चांदीचा पातळ थर. त्या मिश्रणालाच आपल्याकडे जर्मन सिल्व्हर म्हणतात, आणि त्यात चांदीचा कणही नसतो. चमचा जेथे मेजावर घासतो तेथे बोट फिरवून पाहा. पांढऱ्याखालून पिवळसर रंग डोकावत असेल तर तो मुलामा समजावा.

आता आपल्या देशाकडे येऊ. इंग्रजी अमलातही इंग्लंडसारखी सक्तीची तपासणी येथे नव्हती. तरीही काही भांड्यांवर खुणा सापडतात, आणि त्या बहुधा रोमन लिपीत असतात. कारण उघड आहे: घेणारा साहेब होता. कलकत्त्याच्या हॅमिल्टन कंपनीच्या भांड्यांवर हत्ती दिसतो. मद्रासच्या पी. ऑर अँड सन्स या पेढीची देवदेवतांच्या उठावाची भांडी १८७५-७६ मधील युवराजांच्या दौऱ्यानंतर विलायतेत गाजली. भुजचे उमरशी मावजी हे कच्छच्या रावांच्या दरबारचे कारागीर. वेलबुट्टीत लपलेले पशुपक्षी आणि तळाशी 'ओ. एम.' ही दोन अक्षरे, ही त्यांच्या कामाची ओळख. आपल्या पुण्यातही हिराप्पा बुचन्ना या नावाने ओळखली जाणारी चांदीची भांडी त्याच सुमारास होत होती.

यांपैकी उमरशी स्वतः हातात हातोडी धरणारे होते. परंतु हॅमिल्टन किंवा ऑर यांच्या नावामागे जी माणसे पत्रा ठोकीत बसली, त्यांची नावे भांड्याच्या तळावर नाहीत. खूण पेढीची, हात मजुराचा. मी कामगारांचा माणूस म्हणून हे बोलतो असे समजू नका; ओळख पटविण्याच्या दृष्टीनेही ही गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. खुणेवरून आपण म्हणू शकतो, "हे अमक्या पेढीने विकले." "हे अमक्याने घडविले" असे म्हणावयास दुसरा पुरावा लागतो.

आणि ज्यावर खूणच नाही, ते कसे वाचावे? आपल्या घरांतली जुनी चांदी बहुतेक अशीच आहे. वाळे, तोडे, जोडवी, करगोटे यांवर कोणाचे नाव नाही. सोनार गावचाच, त्याला जाब विचारावयास छाप कशाला? पण खूण नसली तरी वस्तू मुकी नसते.

पहिले उदाहरण रुपयांच्या माळेचे. अशा माळेतील सर्वांत अलीकडचे नाणे शोधावे. माळ त्याच्या आधीची असू शकत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या नाण्यावर १८७६ पर्यंत 'क्वीन' आहे आणि १८७७ पासून 'एम्प्रेस'. माळेत एकच 'एम्प्रेस' असला तरी ती माळ १८७७ नंतरच ओवलेली, मग बाकीची नाणी १८४० ची का असेनात. मागून एखादे नाणे बदलले असेल तर त्याचा कानही निराळा दिसतो, तोही तपासावा.

दुसरे उदाहरण देव्हाऱ्यातल्या टाकांचे. खंडोबाचा वा भैरोबाचा टाक सोनार ठशावर चांदीचा पत्रा ठोकून काढतो. दोन घरांतील टाकांत घोड्याचा पाय सारखाच वाकडा असेल, तर दोन्ही एकाच ठशाचे, आणि बहुधा एकाच दुकानचे. मात्र ठसा बापाकडून लेकाकडे जातो, म्हणून ठशावरून दुकान सांगावे, साल सांगू नये.

तिसरी गोष्ट धातूची. रुपयाचे वजन बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. लोक रुपयाभार म्हणून त्यानेच मोजीत आणि तोच आटवून दागिने करीत. १९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आली. त्यानंतरचे रुपये आटवून केलेला दागिना हिणकस निघतो. शिवाय धातूचे मूळ म्हणजे घडणीचे मूळ नव्हे. १९१८ च्या कायद्याने अमेरिकेने सुमारे २६ कोटी चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी हिंदुस्थानसाठी विकली. कर्जतच्या बाजारात घडलेल्या पैंजणात नेव्हाडाच्या खाणीतली चांदी असणे अशक्य नाही.

आता आपण विचाराल, आपल्याकडे दोनशे वर्षांपूर्वीचा तोडा का दिसत नाही? उत्तर दुष्काळात आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबईच्या टांकसाळीत दागिन्यांची चांदी मोठ्या प्रमाणावर येऊन पडली. तेव्हा टांकसाळ खुली होती; कोणीही चांदी न्यावी आणि सुमारे दोन टक्के आकार कापून रुपये घ्यावेत. गरीब माणूस स्वतः तेथे जात नसे, हे खरे. पण सराफाला भाव त्या हिशेबानेच द्यावा लागे. १८९३ साली सरकारने हा दरवाजा बंद केला. त्यानंतर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पडले. तोवर रुपयात जेवढी चांदी, तेवढ्या चांदीचा बाजारभाव दहा-अकरा आण्यांवर आला होता. सारा मात्र पूर्ण रुपयानेच भरावयाचा! शेतकऱ्याच्या बायकोने अंगावर साठविलेली ठेव एका कायद्याने तिसऱ्या हिश्श्याने घटली, आणि तिला ते कोणी सांगितलेही नाही. मुशीत गेलेल्या त्या दागिन्यांबरोबर घडणीचा सारा पुरावाही गेला. जुनी चांदी दुर्मीळ का, याचे उत्तर संग्रहालयात शोधू नये; ते दुष्काळाच्या हिशेबात आहे.

आज परिस्थिती बदलली आहे. २००५ पासून चांदीलाही भारतीय मानक ब्यूरोची शुद्धतेची खूण मिळू लागली. ती ऐच्छिक आहे. सप्टेंबर २०२५ पासून त्या खुणेसोबत वस्तूचा सहा अक्षरांकांचा क्रमांकही येतो. नवी चांदी घेताना ती खूण मागा. उद्या अडचणीच्या दिवशी ती तुमच्या बाजूने बोलेल. पण त्या क्रमांकावरून दुकान सापडेल, तपासणी केंद्र सापडेल. हुपरीत घरात बसून ज्याने पैंजणाची कडी कडीला जोडली, तो सापडणार नाही. सहाशे वर्षांत खूण पुष्कळ शहाणी झाली, पण ती आजही मालकाचेच नाव घेते.

म्हणून माझी एक विनंती आहे. घरात जुनी चांदी असेल तर एका वहीत तिचे वजन लिहा, ती कोणाच्या लग्नातली ते लिहा, आणि घडविणाऱ्या सोनाराचे नाव आणि गाव लिहा. ठाकूरवाडीतल्या किंवा कातकरीवाडीतल्या म्हातारीच्या गळ्यात माळ दिसली, तर ती विकत मागण्याआधी ती कोणी ओवली ते विचारा. हे सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

आईच्या तोड्यांची ती पावती अजून माझ्याकडे आहे. तिच्यावर वजन आहे, घट आहे, भाव आहे. घडविणाऱ्याचे नाव आईला ठाऊक होते. त्या दिवशी मी तिला विचारले नाही, आणि पुढे विचारावयास ती राहिली नाही. आपल्या घरी विचारण्याजोगे कोणी असेल, तर आज रात्री जेवतानाच विचारा.