कुळ नसलेला बेचाळीस

बारामती-इंदापूरच्या गाड्यांवर ‘एमएच ४२’ असतं. शेजारपाजारचे आकडे पाहा: सातारा ११, पुणे १२, सोलापूर १३, पिंपरी-चिंचवड १४, अहिल्यानगर १६, अकलूज ४५. या साऱ्यांना बाप आहे. ४२ ला नाही.

आकड्यांचं हे कुळ मांडलं देवळालीच्या एका शाळामास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा, शिक्षण फर्ग्युसनमध्ये, १९३० ते १९६२ देवळालीत मास्तरकी. त्यांची कृती पाढे येणाऱ्या पोरालाही जमेल. संख्या घ्या आणि तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवा. ४७ मध्ये ११ मिळवले की ५८, त्यात १३ मिळवले की ७१. वंश असा पुढे चालतो. कापरेकर मात्र उलटे निघाले: आलेल्या संख्येचा जनक कोण? १२ चा ६, १३ चा ११, ४५ चा ३६. आता ४२ चा शोधा. २९ पासून ४० येतात, ३४ पासून ४१, ३५ पासून थेट ४३. ४२ वर कुणीच उतरत नाही.

१९४९ मध्ये त्यांनी अशा संख्यांची ओळख करून दिली. १९७४ मध्ये कोलंबियाच्या बर्नार्दो रेकामान यांनी हाच प्रश्न मांडला, म्हणून कुणी त्यांना कोलंबियन संख्या म्हणतं, कुणी देवळाली संख्या. इंग्रजीतलं ‘सेल्फ नंबर’ मला फार कोरडं वाटतं. आपला शब्द आहे स्वयंभू. पिंड कुणी घडवली नाही, जमिनीतून आपसूक वर आली, म्हणजे स्वयंभू. हिशेबात याहून नेमकं नाव सापडणार नाही. (४२ च्या अंकांची बेरीज ६, आणि ६ ने ४२ ला पुरा भाग जातो. अशा संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटलं. एकाच पाटीवर दोन्ही बिरुदं!)

काही संख्यांचं याच्या अगदी उलट. १०१ ला दोन जनक, ९१ आणि १००. कापरेकर अशांना ‘जंक्शन’ म्हणत. बारामतीची रेल्वे दौंड जंक्शनहून फुटते, तेव्हा इथल्या माणसाला हे नाव समजावून सांगायला नको. मला मात्र इंदापूर तालुक्यातलं नीरा-नरसिंहपूर आठवतं, जिथं नीरा भीमेला मिळते.

तीन प्रवाह एकत्र येणारी पहिली संख्या गाठायला बरंच चालावं लागतं: १,००,००,००,००,००,००१, म्हणजे दहा लाख कोटी एक. तिचा एक जनक नेमके दहा लाख कोटी. त्यांची अंकबेरीज १. दुसरा ९९,९९,९९,९९,९९,९०१, बेरीज १००. तिसरा ९९,९९,९९,९९,९९,८९२, बेरीज १०९. कागदावर मिळवून पाहा, तिन्ही एकाच ठिकाणी येतात. त्रिवेणीच ती. चार जनकांची सर्वांत लहान संख्या हवी, तर १ वर २४ शून्यं मांडून त्यात १०२ मिळवा. तिथं आपला परार्धही थिटा पडतो. त्यात नुसती १७ शून्यं.