रंगाऱ्यांनी उघडलेली पेशी

पेशीच्या शोधाची कथा पाठ्यपुस्तकांत ठरलेल्या क्रमाने येते. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या पातळ कापात रिकामे कप्पे पाहिले. १८३८-३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी वनस्पती आणि प्राणी दोन्ही पेशींचेच बनलेले असतात असा सिद्धांत मांडला. १८५५ मध्ये फिरखोने पेशी पेशीपासूनच जन्मते असे ठासून सांगितले. पुढचे पान उलटले की केंद्रक, गुणसूत्रे, तंतुकणिका, गॉल्जी संकुल अशा नावांनी गजबजलेली आकृती समोर येते. फिरखोच्या वाक्यापासून या आकृतीपर्यंत माणूस कसा पोहोचला, हे मात्र त्या दोन पानांच्या मध्ये राहून जाते. फार तर ‘सूक्ष्मदर्शक सुधारले’ एवढे सांगून विषय संपवला जातो. हे उत्तर अपुरे आहे असे माझे म्हणणे आहे. पेशीचे अंतरंग उघडण्याच्या कामात भिंग घासणाऱ्यांइतकाच, आणि काही बाबतींत त्यांच्याहून अधिक, वाटा कापड रंगवणाऱ्यांच्या धंद्याचा होता. हा वाटा रंगाच्या बाटल्या पुरवण्यापुरताही नव्हता. रंग कशावर बसतो, कशावर बसत नाही आणि का, हे रंगाऱ्याचे जुने प्रश्न होते, आणि तेच पुढे पेशीला विचारले गेले.

मुळात अडचण काय होती ते पाहू. जिवंत पेशीचा बहुतांश भाग पाणी असतो. तिच्यातून प्रकाश जवळजवळ अडथळ्याविना आरपार जातो, आणि आतले निरनिराळे भाग त्याला इतके सारखे वाकवतात की एक दुसऱ्यापासून वेगळा दिसत नाही. हूकला जे दिसले त्या मेलेल्या वनस्पतिपेशींच्या भिंती होत्या, आत काहीच उरले नव्हते. रॉबर्ट ब्राउनने १८३१ मध्ये ऑर्किडच्या पेशींत केंद्रक ओळखले, कारण त्या पेशींत ते रंगाशिवायही ठळक दिसते. पण केंद्रकाच्या आत काय आहे हे ब्राउनला कळणे शक्य नव्हते. ही अडचण फार आधी एकाच्या लक्षात आली होती. डेल्फ्टचा लेवेनहूक व्यवसायाने कापडाचा व्यापारी. गाईच्या स्नायूंचे धागे नीट दिसेनात तेव्हा त्याने ते केशराने रंगवले. हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे. ती युक्ती पुढे दीडशे वर्षे जवळजवळ कोणी चालवली नाही.

खरी सुरुवात झाली ती १८५० च्या दशकात, आणि तीही कापडाच्या बाजारात मिळणाऱ्या मालानेच. कार्मीन हा लाल रंग मेक्सिकोतल्या निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनील किड्यांपासून निघे आणि युरोपातली उंची वस्त्रे त्याने रंगत. एर्लांगेनच्या योझेफ गेर्लाखने १८५८ मध्ये मेंदूचे काप या रंगात बुडवले. गडद द्रावणात सारा काप सरसकट लाल झाला आणि हाती काही लागले नाही. मात्र अगदी पातळ द्रावणात रात्रभर राहिलेल्या कापात सकाळी चेतापेशी आणि त्यांची केंद्रके आजूबाजूच्या भागापासून उठून दिसत होती. गेर्लाखच्या आधीही काहींनी कार्मीन वापरून पाहिले होते. पण रंग पातळ ठेवायचा आणि त्याला वेळ द्यायचा, हा धडा त्याच्यामुळे रुजला. मागून आला लॉगवुडचा रंग. मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या या झाडाच्या लाकडातून निघणारे हिमॅटॉक्सिलिन नुसते वापरले तर पेशीवर धड बसत नाही. हवेतल्या ऑक्सिजनने ते आधी पिकावे लागते आणि मग त्याला तुरटीची जोड द्यावी लागते. १८६५ मध्ये ब्योमरने ही तुरटीची जोड दिली आणि केंद्रके निळी-जांभळी उमटली. युरोपातल्या रंगाऱ्यांना यात नवे काहीच वाटले नसते. लॉगवुडचा रंग तुरटीने कापडावर धरतो आणि लोहाच्या क्षाराने काळा होतो, हे ते पिढ्यान् पिढ्या जाणून होते. आपल्याकडचे रंगारीही आलाचा किंवा मंजिष्ठेचा लाल रंग सुतावर पक्का करायला आधी तुरटीचा हात देत. धातूचा क्षार धागा आणि रंग यांच्यात दुवा होतो. कापसाच्या धाग्याच्या जागी केंद्रक आले, एवढाच फरक. येथे प्रयोगशाळेने धंद्याकडून मालाबरोबर रीतही घेतली होती.

याच सुमारास या धंद्यात उलथापालथ झाली. १८५६ मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम हेन्री पर्किन डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून क्विनाइन करू पाहत होता. हाती आला जांभळा रंग. त्याने त्याचे पेटंट घेतले आणि कारखाना काढला. थोड्याच वर्षांत फुक्सिनसारखे रंग बाजारात आले, आणि १८६० च्या दशकात बायर, होख्स्ट, बी.ए.एस.एफ. हे जर्मन कारखाने उभे राहिले. या उद्योगाची दुसरी बाजू आपल्याला ठाऊक आहे. कृत्रिम निळीने पुढे भारतातल्या नीळ लागवडीचा बाजार मोडला. सूक्ष्मदर्शकावर बसलेल्या माणसाला मात्र या कारखान्यांनी अशी गोष्ट दिली जी आधी कोणाजवळच नव्हती. एकदोन रंगांच्या जागी त्याच्यापुढे डझनावारी रंग आले, प्रत्येकाची घडण वेगळी आणि प्रत्येक रसायनशास्त्राला ओळखीचा. तरुण पाउल एर्लिखने नेमके हेच हेरले. १८७८ चा त्याचा प्रबंध ऊती रंगवण्याच्या शास्त्रावरच होता. काही रंग आम्लधर्मी, काही आम्लारिधर्मी, काही उदासीन, आणि पेशीतला कोणता कण कोणत्या जातीचा रंग उचलतो यावरून त्या कणाचा स्वभाव कळतो, असा त्याचा विचार होता. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे जे प्रकार आज तपासणीच्या अहवालात मोजून येतात, त्यांतले इओसिनोफिल आणि बेसोफिल हे प्रकार याच विचारातून वेगळे झाले.

येथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. रंगवायच्या आधी पेशी आम्लाने किंवा तशाच द्रव्याने मारून घट्ट करावी लागते. मग जे दिसते ते पेशीचे, की आपण ओतलेल्या औषधाचे? १८९९ मध्ये आल्फ्रेड फिशरने अंड्याच्या पांढऱ्या भागातल्यासारखी साधी प्रथिने तशाच द्रव्यांनी साकळवली आणि त्यांतही जाळ्या, कण, तारे उमटतात हे दाखवले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हार्डीनेही असाच इशारा दिला. गॉल्जीने १८९८ मध्ये घुबडाच्या चेतापेशींत चांदीच्या क्षाराने दाखवलेली जाळी खरी की भास, हा वाद तर १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने निकाल देईपर्यंत चालला. आक्षेप अर्थातच योग्य होता. पण त्यावरचे उत्तर वाल्थर फ्लेमिंगच्या कामात आधीच होते. कील येथे तो सॅलमँडरच्या पिल्लांवर काम करी, कारण त्यांच्या पेशी मोठ्या असतात आणि शेपटीचा पंखासारखा पडदा इतका पातळ असतो की त्यातून जिवंत पेशी पाहता येतात. तो आधी जिवंत पेशी विभागताना पाही. मग तशाच पेशी क्रोमिक, ॲसिटिक आणि ऑस्मिक आम्लांच्या मिश्रणाने घट्ट करून सॅफ्रॅनिनने रंगवी आणि दोन्हींचा मेळ घाली. केंद्रकातले विखुरलेले द्रव्य आखडून जाड धागे होतात, हे धागे पेशीच्या मध्यावर येतात, प्रत्येक धागा लांबीच्या दिशेने उभा चिरला जातो आणि दोन अर्धुके दोन टोकांकडे जातात, हे त्याने १८८२ च्या ग्रंथात सविस्तर मांडले. धाग्यांची हालचाल जिवंत पेशीतही अंधूक दिसत होती, म्हणजे ती रंगाने निर्माण केलेली नव्हती. पण धागा उभा चिरतो हा बारकावा रंगाशिवाय पक्का झाला नसता, आणि आनुवंशिकतेचा सारा विचार त्या बारकाव्यावर उभा आहे. धागे आडवे तुटले असते तर मातृपेशीचा वारसा दोन्ही कन्यापेशींना समान मिळाला नसता. राहिला भासाचा प्रश्न. तो रंगाबरोबर संपला नाही. १९६० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंत दिसलेला मेसोसोम नावाचा अवयव पुढे तयारीच्या रसायनांची करामत ठरला. साधन कोणतेही असो, त्याची दुसऱ्या साधनाशी ताळमेळ घालून परीक्षा करावीच लागते.

दुसरा आक्षेप असा की रंगाने आकार दिसला, पण कार्य कुठे कळले? माझ्या मते रंगाचे खरे मोल याच ठिकाणी आहे. आम्लारिधर्मी रंग केंद्रकावर धावून बसतात याचा अर्थ तेथे आम्ल आहे. १८६९ मध्ये मीशरने पुवाने भरलेल्या पट्ट्यांतल्या पेशींच्या केंद्रकांतून फॉस्फरसयुक्त आम्लधर्मी द्रव्य वेगळे केले होते. रंग पकडणारे द्रव्य तेच असावे असा सुगावा १८८० च्या दशकाच्या आरंभीच काहींना लागला. १९२४ मध्ये फॉयल्गेनने फुक्सिन या कापडी रंगावरून बेतलेल्या अभिक्रियेने डीएनए जागच्या जागी किरमिजी करून दाखवले. पुढे बेल्जियमच्या ब्राशेने पायरोनिन या लाल रंगाने आरएनए शोधले. ज्या पेशी खूप प्रथिने बनवतात त्यांत आरएनए भरपूर सापडले, आणि प्रथिनांच्या निर्मितीशी त्याचे नाते आहे हे या रंगातून सुचले, तेही आनुवंशिक संकेत उलगडण्याच्या कितीतरी आधी. तंतुकणिकांचे उदाहरण याहून बोलके आहे. मिकाएलिसने १९०० मध्ये जेनस ग्रीन हा रंग जिवंत पेशींना दिला. उरलेल्या पेशीद्रवात तो रंगहीन होतो, तंतुकणिकांत मात्र निळसर हिरवा राहतो, कारण तेथली ऑक्सिडीकरणाची यंत्रणा त्याला विझू देत नाही. म्हणजे हा रंग तंतुकणिकांबरोबर तेथे चाललेला श्वसनाचा व्यवहारही दाखवत होता.

भिंगांचे श्रेय कमी करण्याचा हेतू नाही. येना येथे आबे आणि त्साइस यांनी १८७८ मध्ये तेलात बुडणारे भिंग आणले नसते, तर फ्लेमिंगचे चिरलेले धागे एकात एक मिसळलेलेच दिसले असते. पण भिंग दोन बिंदूंमधले अंतर दाखवते, आणि त्यासाठी ते दोन्ही बिंदू आधी दिसावे लागतात. प्रद्रव्यपटलापुरता मात्र माझा दावा मागे घ्यावा लागतो. ते इतके पातळ असते की प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला त्याची बांधणी कधीच दिसली नाही. त्याचे अस्तित्व अनुमानाने मान्य झाले. तरीही ओव्हर्टनने १८९० च्या दशकात त्याचा स्निग्ध स्वभाव ताडला तेव्हा कोणती द्रव्ये जिवंत पेशीत शिरतात आणि कोणती बाहेर थांबतात याच्या यादीत त्याने रंगही तपासले होते.

हे सारे योगायोगाने घडले, कारखाने कापडासाठी चालत होते आणि शास्त्रज्ञांनी उरलेसुरले उचलले, असे कोणी म्हणेल. कारखान्यांपुरते ते बरोबर आहे. म्हणूनच या नात्याची ताकद तुटल्यावर कळली. १८८० पासून लाइपझिशचा ग्र्यूब्लर नावाचा व्यापारी कापडाच्या रंगांतून निवडक माल घेई, सूक्ष्मदर्शकाच्या कामासाठी तपासून पाही आणि छोट्या बाटल्यांतून जगभर पाठवी. पहिल्या महायुद्धात हा पुरवठा थांबला. अमेरिकेतल्या प्रयोगशाळांना देशी रंग घ्यावे लागले, आणि एकाच नावाच्या दोन बाटल्या दोन निकाल देऊ लागल्या. तेव्हा कुठे १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथील शास्त्रज्ञांनी समिती नेमून प्रत्येक घाणा तपासून प्रमाणित करण्याची पद्धत घालून दिली, आणि ती आजही चालू आहे. रुग्णालयात बायोप्सीचा तुकडा पहिल्यांदा रंगवतात तो आजही बहुधा हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन यांनीच. त्यातले हिमॅटॉक्सिलिन अजून त्याच झाडाच्या लाकडातून येते. २००८ मध्ये त्याचा जगभर तुटवडा पडला, तेव्हा कर्करोगाचे निदान करणाऱ्या प्रयोगशाळांना पर्यायी रंगांच्या मागे धावावे लागले.